दारं धरणारे: मुक्त प्रणालींतल्या ड्रायव्हरांचा आढावा

येडगावात ‘ड्रायव्हर’ म्हटलं की डोळ्यांपुढे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला पिकअपवाला येतो. दुसऱ्या जातीचा ड्रायव्हर मला भाच्याच्या दूध संकलन केंद्रात भेटला. पहाटेची वेळ, किटल्यांची रांग लागलेली. वजनकाटा चालू, फॅटचं मशीन चालू, आणि संगणक म्हणतो की काटा जोडलेलाच नाही. रात्री विंडोजनं स्वतःहून अपडेट घेतलं होतं. काट्याच्या जुन्या सिरियल पोर्टाचं यूएसबी करून देणारी स्वस्तातली केबल सकाळी त्याला अनोळखी झाली. भाच्यानं वहीत हातानं नोंदी केल्या, म्हाताऱ्यांनी “आधी असंच बरं होतं” म्हणून घेतलं. दुपारी कॉलेजातल्या एका मुलानं आपल्या जुन्या लॅपटॉपला ती केबल लावली. त्यावर लिनक्स होतं. केबल काही न मागता चालू झाली.

हा चमत्कार नाही, आणि लिनक्स नेहमी असंच वागतं असंही नाही. त्याच लॅपटॉपवर त्या मुलाचा बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर आजतागायत चाललेला नाही. एक वस्तू चालते आणि दुसरी चालत नाही, याचं उत्तर शोधत गेलं की मुक्त स्रोत प्रणालींचा सगळा इतिहास हाती लागतो. त्यातलं एक ठळक प्रकरण येडगाव धरणापासून फार दूर नाही, खोडदला आहे. तिथे येऊच.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. उन्हाळी आवर्तन सुटलं की रात्री-बेरात्री दारं धरायला जावं लागतं. पाटाचं पाणी आपल्या वेगानं येतच असतं, ते कुणासाठी थांबत नाही. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढून ते पुढच्या वाफ्यात वळवायचं. झोप लागली तर वाफा फुटतो, पाणी वाटेला जातं आणि शेजारी भांडायला येतो. संगणकात कार्डाकडून येणाऱ्या माहितीचं असंच आहे. कार्ड ती थेट मेमरीत ओतत राहतं. प्रोसेसर मधे येत नाही. मेमरीत तिच्यासाठी एकामागून एक वाफे आखलेले असतात आणि शेवटचा भरला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. वाफा भरला की कार्ड प्रोसेसरला हाळी देतं. ती ऐकून भरलेला वाफा रिकामा करायचा आणि पाणी वेळेत पुढे वळवायचं, हे काम ड्रायव्हरचं. बाकी प्रणालीला पाट कुठून येतो याच्याशी देणंघेणं नसतं. तिला फक्त ओलं रान हवं असतं.

हे काम दिसायला किरकोळ आहे, पण लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, मोठा भाग त्यानंच व्यापलाय. लिनस टॉर्व्हाल्ड्सनं १९९१ साली जे सोडलं ते जेमतेम दहा हजार ओळींचं होतं. आज त्या ओळी तीन कोटींच्या वर गेल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ड्रायव्हरांच्या आहेत. चुकाही तिथेच जास्त. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली कर्नलची तपासणी केली, तेव्हा ड्रायव्हरांतलं चुकांचं प्रमाण उरलेल्या कोडाच्या तीन ते सात पट निघालं. कारण समजण्यासारखं आहे. गाभ्याचं कोड हजारो माणसं रोज वापरतात आणि वाचतात. एखाद्या स्कॅनरचा ड्रायव्हर मात्र एकानं लिहिलेला, दोघांनी वाचलेला आणि तो स्कॅनर घरात असलेल्यांनीच तपासलेला असतो.

आता खोडद. नारायणगावहून पूर्वेला गेलं की शेतांच्या वर जाळीच्या प्रचंड वाट्या दिसतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा ३० वाट्यांची मिळून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होते. १४ वाट्या मधल्या चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर आहेत. त्यांचा पसारा सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूपांनी ती उभारली आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती देशाला अर्पण झाली. विज्ञान दिनाला तालुक्यातल्या शाळांची पोरं तिथे लोटतात आणि वाट्यांसमोर फोटो काढतात. खरी गंमत मात्र वाट्यांतून आलेली माहिती जिथे एकत्र येते तिथे आहे.

सुरुवातीला हे एकत्रीकरण खास त्यासाठी बांधलेलं हार्डवेअर करत असे. असल्या यंत्राची एक खोड असते: ते जे करायला बनवलं तेवढंच करतं. एखादी नवी युक्ती सुचली, म्हणजे गावातल्या मोटारींच्या ठिणग्यांचा गोंगाट वेगळा काढायचा म्हटलं, तरी सोल्डरिंग गन हातात घ्यावी लागते. म्हणून जयंत रॉय, यशवंत गुप्ता, टोरांटोचे यू-ली पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच घाट घातला. बाजारात मिळणारे ४८ संगणक, त्यांवर लिनक्स, दुर्बिणीचा सिग्नल आकड्यांत बदलणारी पीसीआय कार्डं आणि संगणकांना जोडणारं साधं गिगाबिट नेटवर्क. हे सगळं काम सॉफ्टवेअरनं आणि तेही निरीक्षण चालू असतानाच करायचं. त्याचा शोधनिबंध २०१० साली ‘एक्सपेरिमेंटल अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त आला. या आकाराच्या दुर्बिणीसाठी असा प्रयोग बहुधा जगात पहिलाच, असं त्यांनी त्यात नोंदवलंय.

हिशोब करून पाहा. ३२ अँटेनांची सोय, प्रत्येकीचे दोन सिग्नल, म्हणजे ६४ पाट. प्रत्येकाची पट्टी ३३ मेगाहर्ट्‌झ. नमुने पट्टीच्या दुप्पट घ्यावे लागतात, म्हणून एका पाटातून सेकंदाला ६ कोटी ६० लाख आकडे. चौसष्टांचे मिळून ४२२ कोटी, दर सेकंदाला, आणि निरीक्षण तासन्‌तास चालतं. घरातल्या संगणकाच्या जुन्या पीसीआय मार्गाची क्षमता कागदावर सेकंदाला १३३ मेगाबाइट. तेव्हा वाफा कुठे फुटेल हे सांगायला खगोलशास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय सगळे वाफे एकाच ठोक्याला भरायला लागले पाहिजेत. एका कार्डाची सुरुवात क्षणभर मागेपुढे झाली, तर पल्सार ताऱ्याचे ठोके आणि आकाशातल्या जागा दोन्ही बिघडतात.

अशा ठिकाणी ड्रायव्हर मुक्त असण्याचा अर्थ तत्त्वज्ञानापुरता राहत नाही. कार्डाबरोबर मिळालेला ड्रायव्हर पेटीबंद असेल, तर वाफ्याचा आकार, हाळीची वेळ, मेमरीतली जागा, यांतलं काहीच आपल्या हातात नसतं. तो उघडा असेल तर दार लावून बसलेला पदवीधर एका रात्रीत तो बदलू शकतो. दार लावून अशासाठी की संगणक स्वतःच रेडिओ लहरी सोडतात. दुर्बिणीच्या आवारात ते धातूनं मढवलेल्या खोल्यांत ठेवावे लागतात, नाहीतर शंभर कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेऐवजी शेजारच्या टेबलावरचा सीपीयूच ऐकू यायचा.

नंतर दुर्बिणीचं नूतनीकरण झालं आणि पट्टी ३३ मेगाहर्ट्‌झवरून ४०० पर्यंत गेली, म्हणजे पाणी बारा पटींहून जास्त वाढलं. आता सिग्नलचे आकडे करायला कार्ड संगणकात खुपसलेलं नाही. ते काम बाहेर ‘रोच’ नावाचा बोर्ड करतो, आणि आकडे नेटवर्कच्या पाकिटांत बांधून संगणकाकडे पाठवतो. रोच हा दक्षिण आफ्रिकेतल्या आणि बर्कलीच्या मंडळींनी मिळून आखलेला खुला बोर्ड. त्याच्या मधोमध हवं तसं नव्यानं जोडता येणारी एफपीजीए चिप, आणि शेजारी लिनक्स चालवणारा छोटा प्रोसेसर. त्या लिनक्सची बर्कलीत बनलेली ‘बॉर्फ’ ही आवृत्ती मला फार आवडते. तिच्यात चिपमधलं सर्किट एखाद्या चालत्या प्रोग्रामसारखं दिसतं आणि त्याचे रजिस्टर साध्या फायलींसारखे. आकडा वाचायचा तर फाइल वाचा, बदलायचा तर फाइलीत लिहा. युनिक्समधली ‘सगळं काही फाइल’ ही जुनी कल्पना इतक्या आत नेलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

या बदलात ड्रायव्हराच्या दृष्टीनं शहाणपण आहे. खास कार्डासाठी खास ड्रायव्हर लागतो आणि कर्नल बदललं की तो पुन्हा शिवावा लागतो. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मात्र जगभर लाखो सर्व्हरांवर घासून गुळगुळीत झालेला असतो. दुर्बिणीनं आपला विचित्रपणा पाकिटाच्या आत कोंबला आणि संगणकाला फक्त ओळखीचं दार दाखवलं. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत मोठा धडा हाच: शक्यतो नवा ड्रायव्हर लिहूच नये, आपली वस्तू आधी लिहिलेल्या ड्रायव्हराच्या मापाची करावी.

पण दुसऱ्या टोकाला काय झालं? आकड्यांचा गुणाकार करायला एनव्हिडियाची जीपीयू कार्डं आली, आणि त्यांचा ड्रायव्हर त्या काळी पूर्ण बंद. खुला बोर्ड, खुली प्रणाली, खुलं सॉफ्टवेअर आणि मधोमध एक कुलूप. खोडदच कशाला, जगातली बहुतेक संशोधन केंद्रं याच तडजोडीवर चालतात. परिणाम असा की कर्नल नवं घ्यायचं तर आधी कंपनीचा ड्रायव्हर त्याला मान्यता देतो का ते पाहायचं, आणि नसेल तर जुन्यावरच बसून राहायचं.

कुलपाचं हे भांडण मुक्त सॉफ्टवेअरच्या जन्माइतकंच जुनं आहे, किंबहुना जन्माचं कारणच ते. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की जुना प्रिंटर सगळ्यांना निरोप पाठवी, कारण तिथल्या रिचर्ड स्टॉलमननं त्याचा प्रोग्राम तसा बदलला होता. नव्याचा प्रोग्राम मागितला तर गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार मिळाला. १९८३ मध्ये स्टॉलमननं ग्नू प्रकल्प जाहीर केला. कागद अडकण्यातून चळवळ निघाली, हे ऑफिसात काम केलेल्या कुणालाही पटेल.

लिनक्सवाल्यांनी यावर जो पवित्रा घेतला तो कंपन्यांना अजून रुचत नाही. प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातला करार ते जिवापाड सांभाळतात, वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रामही चालला पाहिजे. ड्रायव्हर आणि कर्नल यांच्यातला आतला करार मात्र ते मनाला येईल तेव्हा मोडतात. त्यांचं म्हणणं असं: ड्रायव्हर आमच्या घरात, म्हणजे मूळ कर्नलच्या झाडात ठेवा. मोडतोड झाली तर आम्हीच दुरुस्त करू. बाहेर ठेवलात तर तुमचं तुम्ही पाहा. वरवर हे दांडगाईचं वाटतं. पण भाच्याची ती केबल चालली ती याच नियमामुळे. तसल्या केबलींत भरणाऱ्या चिपांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं कर्नलमध्येच आहेत आणि कुणी ना कुणी ते झाडून-पुसून ठेवतं. याच्या उलट उदाहरणही याच केबलींचं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरानं बाजारातल्या नकली चिपा शोधून त्यांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. ज्यांनी अजाणता नकली घेतली त्यांची यंत्रं मुकी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सवाल्यांनी त्याच महिन्यात यादीत एक क्रमांक वाढवला: शून्य. मारलेल्या चिपा तिथे पुन्हा चालू लागल्या.

एनव्हिडियाचं कुलूप थोडं सैल झालंय, तेही कौतुकानं सांगायला हवं. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका व्याख्यानात टॉर्व्हाल्ड्सनं कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवून त्या कंपनीला जे ऐकवलं ते सर्वांना ठाऊक आहे. मे २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हराचा कर्नलमधला भाग खुला केला. मात्र बरंचसं डोकं आता कार्डावरच चालणाऱ्या प्रोग्रामात, म्हणजे फर्मवेअरमध्ये गेलंय आणि ते बंदच आहे. दार उघडलं, तिजोरी आतल्या खोलीत हलली. आज जवळजवळ प्रत्येक वायफाय आणि ग्राफिक्स कार्डाची हीच तऱ्हा आहे. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी बंद ड्रायव्हर कधीच घेतले नाहीत, पण फर्मवेअरच्या फायली त्यांनाही वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात.

दार उघडतच नसेल तर काय करायचं? एक वाट आहे कुलूप बाहेरून चाचपत बसण्याची. एनव्हिडियासाठीचा ‘नुवो’ ड्रायव्हर असा बनला, आणि अ‍ॅपलच्या एम१ संगणकांवर लिनक्स आणणारा ‘असाही’ प्रकल्पही. दुसरी वाट उसनवारीची, आणि तिच्यात सुसंगतीच्या कोडाची, म्हणजे एका प्रणालीसाठी लिहिलेलं दुसरीवर चालवणाऱ्या कोडाची, खरी कसोटी लागते. वाइन हे १९९३ मध्ये सुरू झालेलं सॉफ्टवेअर विंडोजच्या प्रोग्रामांना विंडोजमध्येच असल्याचा भास करून देतं. वायफायचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळत नव्हते त्या काळात ‘एनडीआयएस-रॅपर’नं चक्क विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात चालवले. चालले तर चालले. नाहीतर सगळा संगणक घेऊन झोपले. पुढे ब्रॉडकॉमसारख्या कंपन्यांनी २०१० पासून खुले ड्रायव्हर दिले आणि ही कुबडी आपोआप गळून पडली. एखाद्या उसनवारीचा यापेक्षा चांगला शेवट मला सुचत नाही.

छोट्या प्रणालींना मात्र उसनवारीवाचून गत्यंतर नाही. बीओएस ही संगणक प्रणाली बंद पडल्यावर तिच्या चाहत्यांनी २००१ साली तिचा मुक्त अवतार लिहायला घेतला. तो आज हायकू नावानं ओळखला जातो. मूठभर माणसं, आणि बाजारात नेटवर्क कार्डं शेकडो. त्यांनी एक थर लिहिला, जो फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या ड्रायव्हराला सांगतो की तू तुझ्याच घरी आहेस. मूळ ड्रायव्हर जवळजवळ जसाच्या तसा घ्यायचा, भाषांतर मधला थर करील. फ्रीबीएसडी स्वतः ग्राफिक्ससाठी लिनक्सकडून असंच घेते. येडगावच्या जलाशयात डिंभ्याचं पाणी कालव्यानं येतं, माणिकडोहाचं कुकडीतून येतं, आणि खाली श्रीगोंदा-कर्जतकडे जाणाऱ्या कालव्याला त्यातलं कुठलं कुणाचं हे कळत नाही. तसंच हे. फक्त वरच्या धरणानं वेळापत्रक बदललं की खालच्याला धावपळ करावी लागते, आणि हायकूची पहिली आवृत्ती दोन दशकांनंतरही बीटाच आहे. पाचवा बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये आला.

सुसंगतीच्या कोडात आपला मराठी मुलूख कच्चा नव्हता, हे विसरलं जातं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिपींच्या तंत्राचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. मोहन तांबे त्यातले प्रमुख. जिस्ट कार्ड डॉसच्या संगणकात बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांतही देवनागरी दिसू लागे. प्रोग्रामाला पत्ताच नसे; जोडाक्षरांची जुळणी कार्ड करी. इतकी अवघड गोष्ट, आणि ती अक्षरशः एका पट्टीवर सोल्डर केलेली. पण डॉस गेलं तशी ती पट्टीही गेली. कारण ती बंद होती. तिचं ज्ञान तरलं ते फक्त जिथे मानक म्हणून छापलं गेलं तिथे, म्हणजे १९९१ च्या इस्कीमध्ये आणि इनस्क्रिप्ट कळफलकात. युनिकोडची देवनागरी मांडणी इस्कीवरूनच घेतली. मराठी डीटीपीच्या दुकानांत मात्र जुन्या फॉन्टांसाठी आणि त्यांच्या डोंगलसाठी जपून ठेवलेला एखादा म्हातारा संगणक अजून दिसतो.

पुण्यात आज या कामाची माणसं आहेत. रेड हॅटच्या पुणे कार्यालयात असताना अमित शहा यांनी (नावावर जाऊ नका) आभासी संगणकांच्या सिरियल पोर्टाचा लिनक्समधला ड्रायव्हर वाढवला आणि सांभाळला. भाच्याच्या काट्याचा सिरियल पोर्ट लोखंडाचा, यांचा हवेतला. दारं धरायचं काम तेच. अशा माणसांची नावं कर्नलमधल्या ‘मेंटेनर्स’ या फाइलीत असतात. ती फाइल मी अधूनमधून वाचतो. तिच्यात काही ड्रायव्हरांपुढे ‘अनाथ’ असं लिहिलेलं असतं. फ्लॉपीचा ड्रायव्हर २०१९ मध्ये अनाथ झाला, कारण तो सांभाळणाऱ्याकडेच तपासायला चालू फ्लॉपी ड्राइव्ह उरला नाही. लिहिणारे मिळतात, सांभाळणारे मिळत नाहीत.

सुदैवानं सामान्य माणसाला आज ड्रायव्हरांशी फारसं झगडावं लागत नाही, याचं श्रेय मानकांना. माऊस, पेन ड्राइव्ह, वेबकॅम यांच्या यूएसबीत ठरलेल्या जाती आहेत. त्या जातीतली वस्तू कुणाचीही असो, एकच ड्रायव्हर पुरतो. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक पाळणाऱ्या प्रिंटरांनाही वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बोटाच्या ठशाचे सेन्सर अजून या शिस्तीत आलेले नाहीत, म्हणून तो मुलगा पासवर्ड टाइप करतोय.

राहिला प्रश्न आपल्या हातात काय आहे याचा. ड्रायव्हर लिहिणं सगळ्यांचं काम नाही, पण खरेदी सगळे करतात. ग्रामपंचायत बायोमेट्रिक यंत्र घेते, शाळा प्रोजेक्टर घेते, दूध संघ काटे घेतो, बाजार समिती वजनकाट्याची यंत्रणा बसवते. निविदेत किंमत, वॉरंटी, रंगसुद्धा लिहिलेला असतो. तिथे एक ओळ वाढवा: वस्तू कर्नलमध्ये आधीच असलेल्या ड्रायव्हरावर, वेगळं काही न बसवता, लिनक्सवर चालवून दाखवावी, त्याशिवाय बिल निघणार नाही. तुमच्या गावात पुढची निविदा निघेल तेव्हा ही ओळ सरपंचांना, मुख्याध्यापकांना किंवा संघाच्या सचिवांना दाखवा.